जिथं प्लग तिथं भावोजी

आमच्या भावोजींबद्दल वाईट बोलणारी या भागात मी एकटीच. बाकी कुणालाही विचारून बघा. औषधाच्या दुकानदाराला विचारा, दातांच्या डॉक्टरीणबाईंना विचारा, शाळेच्या मोठ्या बाईंना विचारा. "अहो, देवमाणूस! एवढं डोकं, पण आवाज चढवलेला कधी ऐकला नाही." खरं आहे ते. आवाज चढवत नाही. त्याला तशी गरजच पडत नाही.

तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, कारण तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. पाठीमागे काय म्हणते ते छापण्यासारखं नाही. माझी जीभ तिखट आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्याचा फायदा त्याने पुरेपूर घेतला. मी काही बोलले की लोक म्हणणार, "जाऊ दे गं, तुझा स्वभावच तसा." म्हणजे मी भांडकुदळ आणि तो गरीब गाय. गोगलगाय आणि पोटात पाय, ही म्हण ज्याने केली त्याने आमचे भावोजी नक्की बघितले असणार.

त्याचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून दिवसभर एका खुर्चीत. मुलगाही तसाच निपजला. लहानपणी म्हणे याने एकही खेळणं खेळून मोडलं नाही, सगळी उघडून बघितली. हे त्याची आई मोठ्या कौतुकाने सांगायची. लग्न ठरवायला गेलो होतो तेव्हा आमच्या आईला ते ऐकून भरून आलं होतं. "किती शांत मुलगा आहे गं!" परत येताना सगळ्या वाटेवर हेच. त्याला व्यसन नाही, मित्रमंडळी नाही, उशिरा घरी येणं नाही. आईच्या लेखी जावई म्हणजे काय असावा, तर नसावा तसा असावा. तो तसाच होता.

दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधली फट. पुढे काउंटर, मागे शेल्फवर पोट फाडून ठेवलेली मशीनं, टेबलावर रबरी चटई, आणि स्क्रू हरवू नयेत म्हणून बरण्यांची झाकणं ओळीने मांडलेली. दुरुस्ती उत्तम करतो, त्यात मी खोट काढणार नाही. पण त्याचं नाव झालं ते दुरुस्तीने नाही. लोकांचे जुने कॉम्प्युटर निकालात काढून देण्याने झालं.

आता हल्ली लोकांना एवढं कळायला लागलंय की जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकून मोकळं होता येत नाही. आत हार्ड डिस्क म्हणून हातात मावेल एवढी एक लोखंडी डबी असते, आणि तिच्यात तुमची सगळी कुंडली असते. फोटो, बँकेचे कागद, कुणाला काय लिहिलं, कुणाशी काय भांडलात. फायली पुसल्या तरी त्या जात नाहीत. दारावरची नावाची पाटी काढल्यासारखं होतं, माणसं घरात तशीच असतात. ती डबीच फोडावी लागते. भावोजींनी नेमकी हीच भीती ओळखली आणि दुकानावर पाटी लावली: 'जुना कॉम्प्युटर द्या, निर्धास्त व्हा.'

पद्धत ठरलेली. गिऱ्हाईक कॉम्प्युटर घेऊन आलं की हा म्हणणार, "ठेवून जा. संध्याकाळी या, तुमच्या डोळ्यांदेखत फोडतो." संध्याकाळी गिऱ्हाईक आलं की तो ती डबी लाकडी ठोकळ्यावर आवळणार, चष्मा चढवणार आणि ड्रिलने आरपार भोकं पाडणार. मग पत्र्याचा कीस फुंकून उडवायचा, डबी कागदात गुंडाळायची आणि दोन्ही हातांनी गिऱ्हाइकाला द्यायची. वर म्हणायचं, "घ्या, तुमची अब्रू तुमच्या हातात."

लोक कसे भारावून जायचे! डॉक्टरीणबाईंनी तर ती भोकं पाडलेली डबी दवाखान्यात टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवली होती. 'ठेवून जा, संध्याकाळी या' यातली मेख एकाच्याही ध्यानात आली नाही. अरे बाबांनो, सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती डबी कुठे होती?

ते ताईला ठाऊक होतं. रोज जेवायला बसलं की तो तिला सांगायचा. अमक्याच्या बायकोने माहेरी काय लिहिलंय. तमक्याच्या मुलीचा फोटो कुणाबरोबर आहे. मोठ्या बाई शाळा सोडायच्या बेतात आहेत, अजून नवऱ्यालाही बोलल्या नाहीत. सांगताना हसायचा नाही, रागवायचा नाही. बाजारात भाजी काय भावाने मिळाली ते सांगावं तसं सांगायचा. ताई म्हणायची, घास गिळत नाही गं. दुसऱ्या दिवशी तीच माणसं रस्त्यात भेटायची, हिला हाक मारायची, आणि हिला मान वर करवायची नाही.

मी ही गोष्ट एकदा औषधवाल्याला सांगितली. तो म्हणाला, "तुमचं त्यांच्याशी काही बिनसलंय का?" घ्या! हातच्या कांकणाला आरसा दाखवला तरी लोक आरशालाच नावं ठेवणार.

जो माणूस परक्याची मशीनं उघडल्याशिवाय राहत नाही, तो बायकोला सोडेल? ताईची पर्स रोज संध्याकाळी टेबलावर रिकामी व्हायची. फोन तर तिचा कधी नव्हताच, नुसता तिच्या हातात असायचा. दुकानात गेली तर एवढा वेळ का, कोण भेटलं, काय बोललीस. उत्तर जुळलं नाही की तो हळू आवाजात पुन्हा पहिल्यापासून विचारायचा. पुन्हा पहिल्यापासून. शेवटी ती गप्प झाली की दंडाला धरायचा.

हे मला तिने सांगितलं नाही. मी शिवणकाम करते. एका रविवारी तिच्या ड्रेसचं माप घ्यायला बाही वर सारली, तर दंडावर बोटं उमटलेली. निळी, पिवळी, काही जुनी, काही कालची. मी टेप तिथेच टाकली. ती म्हणाली, "सैल शीव. बाह्या लांब ठेव." माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला होता की मोठी कात्री घेऊन तशीच निघाले होते. तिनेच दार अडवलं. मग आम्ही चौकीत गेलो. तिथे त्याला बोलावलं, तो हात जोडून आला, आणि तिथला हवालदार उठून उभा राहिला. त्यांचा प्रिंटर यानेच दुरुस्त केलेला! आम्हाला चहा पाजून घरी पाठवलं.

तेव्हा ताईने ठरवलं की आता सांगून नाही, न सांगता जायचं.

हे सगळं ठरलं कुठे, तर आमच्या घरी, माझ्या कापड बेतायच्या टेबलाखालच्या कॉम्प्युटरवर. तो कॉम्प्युटर त्यानेच जुन्या भागांतून जोडून आईला दिला होता. "सासूबाईंना तोंडं बघून बोलता येईल." ताई रविवारी माहेरी यायची तेवढीच त्याची नजर चुकायची. आई दुपारची आडवी झाली की आम्ही दोघी बसायचो. दुसऱ्या गावातल्या एका पाळणाघरात तिने कामाचा अर्ज केला, त्यांचं उत्तर आलं. तिथल्या एका म्हाताऱ्या घरमालकिणीने खोलीबद्दल लिहिलं, पत्त्यासकट, कुठल्या वळणावर वळायचं त्यासकट. सगळं वाचून झालं की आम्ही पुसायचो. पुसून जात नाही हे ठाऊक असूनही पुसायचो, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, आणि कॉम्प्युटर काही घराबाहेर जाणार नव्हता.

एका रविवारी ती माहेरी आली आणि तिथूनच गेली.

तो रात्रीच दारात. मी सांगितलं, मी जिवंत आहे तोवर या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. तो म्हणाला, "मेहुणीबाई, मला फक्त ती सुखरूप आहे एवढं कळू द्या." शेजारीपाजारी दारं उघडून उभे. सगळ्यांचे डोळे पाणावले, माझे सोडून.

आईला मी पत्ता सांगितला नाही. आईच्या तोंडात तीळ भिजत नाही. शिवाय तिचं आपलं चालूच होतं. "दोन भांडी एकत्र आली की आवाज व्हायचाच. तो बिचारा किती वाळला बघ." दंडावरची बोटं तिला सांगितली तर म्हणाली, "तिची कातडीच तशी नाजूक, लहानपणापासून." पालथ्या घड्यावर पाणी. मी बोलणं सोडून दिलं.

तिकडे ताई रुळत होती. पाळणाघरातली पोरं तिच्या मांडीवरून उठत नाहीत म्हणायची. तिच्या नव्या फोनवर तिचा आवाज बदलला होता. एकदा चक्क कुणाची तरी नक्कल करून दाखवली, आणि मला आठवलं की ही नकला करायची, लग्नाआधी.

आणि मग आमचा कॉम्प्युटर बंद पडला. बटण दाबलं तर हूं की चूं नाही.

मला उलट बरं वाटलं. म्हटलं, आता याचा कायमचा सोक्षमोक्ष लावू. जुनी यंत्रं गोळा करणारी सरकारी गाडी शनिवारी कोपऱ्यावर येते. तिथल्या माणसाला जाऊन विचारलं. तो म्हणाला, "बाकी सगळं आम्हाला द्या, पण आधी डबी काढून घ्या आणि ती आम्हालाही देऊ नका. स्वतः फोडा." शहाणा माणूस! मागच्या गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याशी बोलून ठेवलं. तो म्हणाला, "आणा, दोन तुकडे करून देतो, तुमच्यासमोर." शनिवारपर्यंत कॉम्प्युटर टेबलाखाली राहणार होता. वर मी अस्तराचं कापड टाकलं आणि आईला बजावलं, "याला हात लावायचा नाही. कुणी विचारलं तरी द्यायचा नाही." आई म्हणाली, "मला काय करायचंय त्या डबड्याशी?"

आता इथे आमच्या घरची एक सवय सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल की आई वेडी होती का. वेडी नव्हती. लग्न झाल्यापासून आमच्या घरातली वायर असलेली प्रत्येक वस्तू त्याच्याकडे जायची. इस्त्री, मिक्सर, पंखा, माझ्या शिलाई मशीनची मोटर. आईचं वाक्यच होतं, 'जिथं प्लग तिथं जावईबापू.' परक्याच्या हातात आमच्या घरची वस्तू कधी गेलीच नाही. आईला पंखा बिघडल्याचं दुःख व्हायचं नाही, आनंद व्हायचा, की आता जावई येणार. तो उंबऱ्याबाहेर झाल्यापासून घरात बिघडलेल्या वस्तू साठत चालल्या होत्या, आणि मी दुसरीकडे नेते म्हटलं की आई म्हणायची, "राहू दे, घाई काय आहे?" ती वाट बघत होती हे मला तेव्हा कळायला हवं होतं. माझ्या डोक्यात शाळेच्या गणवेशांचं काम.

शुक्रवारी मी शिवलेले गणवेश पोचवायला गेले. परत आले तर टेबलाखाली अस्तराचं कापड नीट घडी करून ठेवलेलं, आणि मोरीत दोन कप.

"कोण आलं होतं?"

"कोण येणार?" आई म्हणाली, आणि मग तिलाच राहवेना. "जावईबापू आले होते. मीच फोन केला. म्हटलं, बंद पडलाय, बघता का. अगं, लगेच आले. हातातलं काम टाकून आले. दारातच उभे होते, आत यायला तयार नव्हते, तू बोललीस म्हणून. मीच हाताला धरून आत घेतलं. चहा घेतला. खाली मान घालून बसले होते गं."

"कॉम्प्युटर कुठे आहे?"

"नेला ना. दुरुस्त करून आणतो म्हणाले. पैसे नकोत म्हणाले."

मी काय बोलले ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की आई म्हणाली, "मला कुणी काही सांगतं का? त्यात काय आहे हे तू सांगितलं असतंस तर दिला नसता." आणि मी म्हणाले, "सांगितलं असतं तर काल दिला असतास." कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते आमच्या घरात आयतंच जन्माला आलेलं.

धावतच गेले. जाताना मनाशी म्हणत होते, आत्ताच तर नेलाय, दुकानात गिऱ्हाइकं असतील, हात लावायला वेळ मिळाला नसेल. पण पायरीशी पोचले आणि थांबले. पायरीच्या कडेला, गटाराच्या जाळीवर, निळ्या-पांढऱ्या कापसाचे पुंजके पडले होते. माझ्या टेबलाखालचा बुरा. गणवेशाचं निळं कापड बेतलं, कापलं की त्याचा बुरा खाली त्या कॉम्प्युटरच्या पोटात जाऊन बसायचा. मशीन उघडायचं म्हणजे हा आधी पायरीवर आणून फुंकणीच्या मशीनने साफ करतो. धुळीने भरलेलं मशीन टेबलावर घेत नाही, मोठा टापटिपीचा ना! आणि भंगारात टाकायची वस्तू कुणी झाडूनपुसून घेत नाही.

आत डॉक्टरीणबाई उभ्या होत्या, अजून एक गृहस्थ होते. तो मला बघून उठला. "या, मेहुणीबाई. बसा. पाणी देऊ?"

"माझा कॉम्प्युटर परत द्या."

"दुरुस्त होण्यासारखा नाही हो. मदरबोर्ड गेलाय. मी सासूबाईंना सांगणारच होतो."

"मग डिस्क द्या. आत्ता."

"देतो की. पण अशी कशी देऊ? कुणाच्या हाती लागली तर?" त्याने डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. त्या हसल्या. "तुमच्या डोळ्यांदेखत फोडतो."

डबी काउंटरखालून काढली. शेल्फवर उघड्या पडलेल्या आमच्या कॉम्प्युटरमधून नाही, काउंटरखालून काढली, तीही आधीच वेगळी करून ठेवलेली. मी ओरडले, "आधी बघितलीत ना? उघडून बघितलीत ना तुम्ही?" तो गृहस्थ म्हणाला, "बाई, जरा सौम्य बोला, ते तुमचंच काम करताहेत." भावोजी ठोकळ्यावर डबी आवळत होते. चष्मा चढवला. ड्रिल सुरू झालं आणि माझं ओरडणं त्यात गेलं. मी काय बोलतेय ते मलाही ऐकू येत नव्हतं. तोंड नुसतं हलत होतं, आणि ती दोघं माझ्याकडे वेड लागलेल्या बाईकडे बघावं तशी बघत होती.

भोकं पाडून झाली. कीस फुंकला. कागदात गुंडाळून दोन्ही हातांनी पुढे केली.

"घ्या," तो म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, अगदी मायेने म्हणाला, "आणि तिला एक निरोप द्या. तळमजल्यावर ओल असते, तिला लहानपणापासून ओल सोसत नाही. म्हणावं, जपून राहा."

डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "बघा," त्या मला म्हणाल्या, "अजून किती जीव आहे त्यांचा!"

घरमालकिणीने लिहिलेलं ते वाक्य होतं. 'खोली तळमजल्यावर आहे, भिंतीला थोडी ओल आहे, चालत असेल तर या.'

रस्त्यावर येऊन ताईला फोन लावला. मागे पोरांचा गोंगाट. मी म्हटलं, "त्याला पत्ता कळला. तळमजला म्हणाला."  ती तिथल्या कुणाला तरी म्हणाली, "याला घ्या जरा," आणि गोंगाट लांब गेला. बाहेर आली असणार.

"कसा कळला?"

सांगितलं.

"कुणी दिला त्याला?"

मला खोटं बोलता आलं असतं. चोरी झाली म्हणता आलं असतं. पण मी इतकी चिडले होते की म्हटलं, कळू दे. "आईने. बोलावून दिला. चहा पाजून."

 मग ती म्हणाली, "मी निघते. खोलीवर जात नाही, इथूनच निघते." कपडे? "राहू देत." मी विचारलं, कुठे जाशील? ती म्हणाली, "ते आता तुला सांगणार नाही."

"मला? अगं, मी कुणाला सांगणार आहे?"

"तू नाही सांगणार. पण तू आईबरोबर राहतेस ना." आणि मग हळूच, "रागावू नकोस. नंबरही बदलते."

रागावू नकोस म्हणे! मी भर रस्त्यात रडत होते. ती पाळणाघराच्या फाटकाबाहेर होती, हातात पर्स, अंगात ऍप्रन असेल, आणि समजूत माझी घालत होती.

दुसऱ्या दिवशी भावोजींचं दुकान बंद. दारावर कागद, 'घरगुती कारणाने बंद.' लोक आईजवळ चौकशी करून गेले, सगळं ठीक आहे ना. ताई खरंच निघाली की नाही, त्याला वाटेत सापडली की काय, हे कळायला मला मार्ग नव्हता. आई म्हणाली, "भेटतील, बोलतील, घेऊन येतील तिला." तिच्या चेहऱ्यावर मला आशा दिसली आणि मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

तो रविवारी दुपारी आमच्याकडे आला. बेल न वाजवता आत आला. आई उठली, "या जावईबापू, भेट झाली?" त्याने माझ्या टेबलाचा खण ओढून काढला आणि जमिनीवर उलटा केला. रिळं, खडू, हूक, सगळं घरभर. मग दुसरा खण. मग आईची पर्स. एकेक वस्तू उचलून बघत होता, शांतपणे, घाई नाही काही नाही. आई म्हणत होती, "अहो, काय शोधताय? मला सांगा, मी देते." तेव्हा तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"कुठे आहे?"

"मला ठाऊक नाही हो. शप्पथ."

"कुठे आहे?" तोच आवाज. पुन्हा पहिल्यापासून. आणि त्याने तिचा दंड धरला.

"जावईबापू," आई म्हणाली, "लागतंय."

"कुठे लागतंय?" तो म्हणाला. "मी काही केलंय का?" आणि तो खरोखरच कुतूहलाने तिच्याकडे बघत होता, कुठला स्क्रू सैल आहे ते बघावं तसा.

मी कात्री उचलली. मोठी, कोट कापायची. काय म्हणाले ते सांगत नाही, पण आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझं बोलणं ऐकलं. हात सोडला. कपडे झटकले. दारात थांबून वर बघितलं आणि म्हणाला, "बेलची वायर सैल झालीय. शॉर्ट होईल. घट्ट करून घ्या." आणि गेला.

तेव्हा मला कळलं की तिला तो गाठू शकला नाही. मी मटकन खाली बसले, त्या रिळांच्या पसाऱ्यात, आणि हसायलाच लागले. आई दंड चोळत उभी होती. "माझ्याशीसुद्धा?" एवढंच म्हणाली. तिला वाटलं असणार, मी तिला हसतेय. मीही खुलासा केला नाही.

याला आता बरेच महिने झाले. दुकान जोरात चालू आहे. पाटी तीच, ड्रिल तेच, आणि लोक सकाळी ठेवून जातात, संध्याकाळी येतात. माझ्याकडे कपडे शिवायला येणाऱ्या प्रत्येक बाईला मी सांगते, डबी स्वतः काढा, स्वतः फोडा, कुणाच्या हातात देऊ नका, हातोडी नसेल तर माझ्याकडची न्या. त्या हो हो म्हणतात. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे कपडे टाकणं बंद केलं. केलं तर केलं.

आई आता फोनजवळ बसून असते. घरात बिघडलेल्या सगळ्या वस्तू मी चौकापलीकडे दुरुस्तीचं दुकान असलेल्या एका बाईकडे नेल्या, आईने चकार शब्द काढला नाही. एका छताखाली आम्ही दोघी. जेवलीस का, दूध तापव, दिवा घालव, यापलीकडे मी तिच्याशी बोलत नाही.

मागच्या आठवड्यात ताईचा फोन आला. कुठल्यातरी दुकानातून, अनोळखी नंबरवरून. बरी आहे म्हणाली, काम आहे, खोली वरच्या मजल्यावर आहे. मोजून दोन-चार वाक्यं, आणि ठेवला. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, हात ओले.

"तिचा होता?"

"हो."

"बरी आहे?"

"आहे."

आईने हात पुसले. पुसून झाले तरी पुसत राहिली. मग म्हणाली, "माझी चौकशी केली का गं तिने?"

मी पुन्हा मशीनवर बसले. सुईत दोरा ओवला.

"नाही," मी म्हटलं.

केली होती. पहिलं तेच विचारलं होतं.